मासे घेऊन लांबचा प्रवास: पिशवी बांधण्यापासून टाकीत सोडण्यापर्यंत

लांबच्या प्रवासात मासे दगावले की आपण अंतराला, रस्त्यातल्या धक्क्यांना नाहीतर उन्हाला बोल लावतो. पण धक्क्यांनी मासे सहसा मरत नाहीत. घोळ होतो तो निघण्याआधीच्या दोन दिवसांत आणि पोचल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात. मधल्या वेळात करण्यासारखं फार थोडं असतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच सगळी माया दाखवायला जातो. दर थांब्यावर पिशवी उघडून बघतो, वर थोडं ताजं पाणी घालतो, बिचाऱ्यांना भूक लागली असेल म्हणून चार दाणेही टाकतो. यातलं एकही करायचं नाही. का नाही, ते कळण्यासाठी बंद पिशवीत काय चालतं ते आधी बघू.

पिशवीच्या आत

मासा पिशवीतला ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. मासा मेला की 'ऑक्सिजन संपला असेल' असं सर्रास म्हटलं जातं, पण नीट भरलेल्या पिशवीत ऑक्सिजन बहुधा पुरतो. पाणी खराब होतं ते अमोनियामुळे. टाकीत हा अमोनिया फिल्टरमधले जीवाणू पचवतात. पिशवीत फिल्टर नसतो, त्यामुळे तो तासागणिक साठत जातो.

यात एक गोष्ट माशाच्या पथ्यावर पडते. कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि उतरलेल्या पीएचला बहुतेक अमोनिया 'अमोनियम' या बऱ्याच कमी घातक रूपात राहतो. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम 0.6 टक्के विषारी रूपात असतो. पीएच 8 ला हेच प्रमाण 5 टक्क्यांवर जातं. पाणी तेच, घाण तेवढीच, पण विष जवळजवळ दहापट. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढू लागतो. वाटेत पिशवी उघडायची नाही ती यासाठी.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी 10 अंशांनी गार झालं तर माशाची ऑक्सिजनची गरज साधारण निम्म्यावर येते, आणि गार पाण्यात ऑक्सिजन मावतोही जास्त. 20 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. त्यामुळे नेहमीपेक्षा दोन-तीन अंश गार पाण्यात केलेला प्रवास बहुतेक माशांना मानवतो. डिस्कससारख्या उबेतल्या माशांना मात्र गारवा सोसत नाही.

निघण्याआधीचे दोन दिवस

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे उपास. टेट्रा, गप्पी, मॉली अशा लहान माशांना 24 तास आणि गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न अशा मोठ्या, खादाड माशांना 48 तास काहीही द्यायचं नाही. पोट रिकामं असलं की पिशवीत विष्ठा पडत नाही आणि अमोनियाही कमी सुटतो. धडधाकट, वाढलेला मासा आठवडाभर न खाता सहज राहतो, तेव्हा जीव कासावीस करून घेऊ नका. अपवाद फक्त पिल्लांचा. त्यांना इतका लांब उपास झेपत नाही, आणि खरं तर अगदी लहान पिल्लं लांबच्या प्रवासाला नेऊच नयेत.

आदल्या दिवशी टाकीतलं पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला. पिशवीत भरायला टाकीतलंच पाणी वापरायचं, पण ते खडी ढवळण्याआधी, वरच्या थरातून काढायचं. पुष्कळ जण आधी झाडं उपटतात, दगड हलवतात आणि मग त्या गढूळ पाण्यातच मासे भरतात. नवं पाणी मिसळणार असाल तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन घालून, तापमान जुळवून मगच.

आजारी मासा नेऊ नका. अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर, भरभर चालणारे कल्ले दिसत असतील तर तो आधी बरा होऊ द्या. प्रवासाच्या ताणात त्याचा आजार वाढेल आणि पिशवीतल्या सोबत्यांनाही लागेल.

कोणाला कोणासोबत ठेवायचं

एका पिशवीत एका जातीचे, एका आकाराचे मासे ठेवा. भांडखोर जातींना प्रत्येकी वेगळी पिशवी. टाकीत गुण्यागोविंदाने राहणारे मासेही अर्ध्या फुटाच्या जागेत एकमेकांचे पर कुरतडतात. किती मासे भरायचे याचा पक्का आकडा देता येत नाही, कारण तो आकार, तापमान आणि वेळेवर ठरतो. दिवसभराच्या प्रवासाला नवख्याने लिटरभर पाण्यात निऑन टेट्राएवढे चार-पाच मासे, यापलीकडे जाऊ नये. व्यापारी याच्या कितीतरी पट भरतात हे खरं आहे. त्यांचा हात त्यात बसलेला असतो, आणि काही मासे मरणार हे त्यांनी हिशेबात धरलेलंही असतं.

काही जातींची तऱ्हा वेगळी:

- फायटर आणि गौरामी पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतात. त्यांच्या पिशवीत साधी हवा चालते, किंबहुना तीच बरी. मात्र पाण्याच्या वर मोकळी जागा हवीच.
- सकर, कोरिडोरास आणि इतर कॅटफिशांच्या परांचे काटे पिशवी फोडतात. दोन पिशव्यांच्या मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला, किंवा त्यांना सरळ झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात न्या.
- कोरिडोरास घाबरले की अंगातून विषारी स्राव सोडतात आणि लहानशा पिशवीत तो त्यांच्याच जिवावर उठतो. पकडल्यावर त्यांना काही वेळ बादलीत ठेवा आणि मग दुसऱ्या स्वच्छ पाण्यात भरा.
- झिंग्यांना धरायला काहीतरी लागतं. मॉसचा छोटा पुंजका किंवा जाळीचा तुकडा आत टाका.
- झाडं माशांच्या पिशवीत घालू नका. अंधारात झाडंही ऑक्सिजनच घेतात. ती वेगळी, ओल्या कागदात गुंडाळून न्या.

पिशवी भरणं आणि बांधणं

घरातली भाजीची पिशवी चालणार नाही. मासेवाल्यांकडे मिळते ती जाड, पारदर्शक, लांबट पिशवी घ्या, आणि प्रत्येक पुड्यासाठी दोन. तळाचे दोन्ही कोपरे वर दुमडून चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे लहान मासे कोपऱ्यात अडकून चेंगरत नाहीत. ही चिकटपट्टी लावायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण लहान माशांच्या बाबतीत तो अजिबात करू नका.

पाणी एक तृतीयांश, वायू दोन तृतीयांश. पिशवी पाण्याने भरभरून घेतली तर मासा सुखी राहील असं वाटतं, पण ऑक्सिजनचा साठा पाण्यात फार थोडा मावतो, तो असतो वरच्या वायूत. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, म्हणजे शुद्ध ऑक्सिजन भरला तर तेवढ्याच जागेत जवळजवळ पाचपट साठा झाला. मासेवाल्याकडे सिलिंडर असतो, त्याच्याकडून भरून घ्या. ऑक्सिजनवर नीट भरलेली पिशवी 24 ते 48 तास टिकते. साध्या हवेवर मात्र मोजके मासे आणि सहा-आठ तास, एवढाच भरवसा धरा. तोंडाने फुंकून पिशवी कधीही फुगवू नका. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन 16 टक्क्यांवर आलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के असतो.

बांधण्याची पद्धत अशी. मासे आत गेले की पिशवीचं तोंड पाण्याच्या पातळीपर्यंत दाबून आतली सगळी हवा काढून टाका. ऑक्सिजनची नळी आत घाला, तोंड मुठीत सैलसर धरा आणि पिशवी टम्म फुगू द्या. नळी ओढून घेतानाच मूठ आवळा. आता पिशवी तळाशी धरून चार-पाच वेळा गरगर फिरवा. तोंडाला घट्ट पीळ बसेल. तो पीळ दुमडून दुहेरी करा आणि त्यावर रबर बँड इतका ओढून गुंडाळा की आणखी एक वेढा बसणार नाही. मग दुसरा रबर बँड. आता ही पिशवी उलटी करून, म्हणजे गाठीची बाजू खाली करून, दुसऱ्या पिशवीत घाला आणि ती तशीच बांधा. शेवटी पिशवी आडवी करून हलकेच दाबून बघा. भरलेल्या उशीसारखी कडक लागली आणि गाठीपाशी थेंब दिसला नाही, तर काम झालं. दाबल्यावर मऊ पडत असेल तर सोडून पुन्हा भरा.

सिलिंडर नसेल तर पिशवीचं तोंड पूर्ण उघडून ती हवेतून एकदा झपकन ओढा आणि लगेच तोंड आवळा. तेवढ्यात पुरेशी हवा भरते.

पाण्यात काय घालावं याबद्दल सल्ल्यांचा सुकाळ आहे. माझ्या मते नवख्याला अमोनिया बांधून ठेवणारं वॉटर कंडिशनर पुरे. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना लिटरमागे 1 ग्रॅम मीठही उपयोगी पडतं, कारण ताणात त्यांच्या शरीरातले क्षार कल्ल्यांतून पाझरू लागतात. झिओलाइटचे खडे अमोनिया शोषतात, पण खाऱ्या पाण्यात त्यांचा उपयोग नाही, आणि मीठ घातलेल्या पाण्यातही त्यांच्यावर विसंबू नका. लवंग तेलासारखी गुंगी आणणारी द्रव्यं मात्र हाताळू नका. मात्रा किंचित चुकली तरी मासा त्या गुंगीतून उठत नाही.

पेटी

पिशव्या थर्मोकोलच्या जाड पेटीत ठेवा. पेटीमुळे तापमान टिकतं आणि आत काळोख राहतो. अंधारात मासे शांत पडून राहतात, धडपडत नाहीत, म्हणून ऑक्सिजनही कमी लागतो. पिशव्यांमधल्या फटी चुरगळलेल्या कागदाने भरा, काहीही इकडून तिकडे घरंगळता कामा नये. शक्य असेल तर पिशवी आडवी ठेवा, त्याने पाण्याचा पृष्ठभाग वाढतो. एंजल, डिस्कस अशा उंच माशांची पिशवी मात्र उभीच, नाहीतर त्यांना सरळ राहायला खोली उरत नाही.

उन्हाळ्यात गोठवलेली पाण्याची बाटली कागदाच्या तीन-चार थरांत गुंडाळून पेटीच्या कडेला ठेवा. थंडीत हीट पॅक झाकणाला आतून चिकटवा. दोन्हींचा पिशवीला थेट स्पर्श नको. हीट पॅकमधली लोहाची पूड हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून तापते, त्यामुळे पेटी पूर्ण हवाबंद केली तर तो विझतो. झाकणाला पेन्सिलीएवढं एक छिद्र ठेवा.

मासा फुटभराचा असेल तर पिशवीचा नाद सोडा. घट्ट झाकणाची मोठी बादली किंवा पिंप घ्या, अर्ध्याहून थोडं जास्त भरा, झाकणाला भोक पाडून बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाची नळी आत सोडा. जास्तीच्या बॅटऱ्या हाताशी असू द्या. झाकण हवंच. मोठे मासे उडी मारतात, आणि त्यासाठी ते हमखास गाडी भरधाव असतानाची वेळ साधतात.

वाटेत

पेटी गाडीच्या आत ठेवा, डिकीत नको, आणि एसीचा झोत थेट तिच्यावर येऊ देऊ नका. जेवायला थांबलात तर उन्हातल्या बंद गाडीत पेटी सोडून जाऊ नका. बास, वाटेतलं काम एवढंच. तपासणी करायची तर बाहेरून गळती होत नाही ना, इतकीच.

विमानाने न्यायचं असेल तर पिशवी थोडी सैल ठेवा. उडत्या विमानात केबिनचा दाब सुमारे 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो आणि तेवढ्यात बंद पिशवीतला वायू साधारण एक तृतीयांशाने फुगतो. टम्म भरलेली पिशवी तिथे फुटते. उंच डोंगराळ रस्त्यालाही हाच नियम. जिवंत प्राण्यांच्या विमान वाहतुकीसाठी 'आयाटा' या संस्थेची नियमावली आहे, पण प्रत्येक कंपनीचं धोरण निराळं, म्हणून तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्या. देशाची सीमा ओलांडणार असाल तर परवाने लागतात. आशियाई अरोवाना 'सायटीस' या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि समुद्रघोडे दुसऱ्या. ते विनाकागदपत्रं नेणं हा गुन्हा ठरू शकतो.

कुरियरने मागवत असाल तर पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असं बघा, म्हणजे ते सुट्टीत गोदामात अडकणार नाही. पाठवणाऱ्याकडून त्याच्या पाण्याचा पीएच, तापमान आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आधीच मागून घ्या. हे तीन आकडे पुढे फार कामाला येतात.

पोचल्यावर

खोलीतला आणि टाकीतला दिवा बंद करा. पेटी हळू उघडा, अंधारातून एकदम झगझगीत उजेडात मासे बिथरतात. एखादा मासा मेलेला दिसला आणि विक्रेत्याने हमी दिलेली असेल, तर पिशवी उघडण्याआधीच फोटो काढा.

बंद पिशवी टाकीत 20-30 मिनिटं तरंगत ठेवा. यात फक्त तापमान जुळतं. याच्या पुढचं पाऊल प्रवास किती लांबला त्यावर ठरतं.

प्रवास दोन-तीन तासांचा असेल तर पिशवी उघडून दर पाच-दहा मिनिटांनी कपभर टाकीतलं पाणी घालत अर्ध्या-पाऊण तासात मासे सोडले तरी चालतं. प्रवास बारा तासांच्या वर गेला असेल तर हीच पद्धत घातक ठरते. पीएच चढू लागलेल्या त्या पाण्यात टाकीचं चढ्या पीएचचं पाणी ओतणं म्हणजे इतका वेळ निपचित असलेलं अमोनियम भराभर अमोनियात बदलू देणं. आणि मासे तासभर त्यातच. प्रवासभर ठणठणीत असलेले मासे घरी पोचल्यावर का मेले, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

म्हणून लांबच्या प्रवासानंतर तापमान जुळलं की पिशवी कापा, उघडताक्षणी अमोनिया बांधणाऱ्या कंडिशनरचे थेंब टाका आणि काही मिनिटांच्या आत मासे बाहेर काढा. पाण्यातला फरक सांभाळायची जागा ही पिशवी नव्हेच. पाठवणाऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या जवळपास जाईल असं पाणी क्वारंटाइन टाकीत (नव्या माशांना सुरुवातीला वेगळं ठेवायच्या टाकीत) आदल्या दिवशीच करून ठेवा आणि पुढच्या आठवडाभरात रोज थोडं थोडं बदलत आपल्या पाण्यावर आणा. खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठीही हेच, फक्त तिथे क्षारता जुळवायची. कमी क्षारतेतून एकदम जास्त क्षारतेत जाणं माशाला विशेष जड जातं. झिंगे, तारामासे अशा जीवांना मात्र थेंबथेंब पद्धतच (बारीक नळीतून टाकीचं पाणी थेंबाथेंबाने मिसळणं) लागते, कारण पाण्यातला बदल त्यांना माशांपेक्षा जास्त बाधतो.

पिशवी बादलीवर धरून पाणी जाळीतून गाळा आणि मासा जाळीतून टाकीत सोडा. कॅटफिशचे काटे जाळीत अडकतात, त्यांना मगने उचला. पफर मासा तर पाण्याबाहेर काढूच नये, तो हवा गिळून फुगतो आणि ती हवा बाहेर टाकणं त्याला कठीण जातं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, नदी-तळ्यातही नको. ते मोरीत जाऊ द्या.

पहिल्या दिवशी खाणं नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. मासे कोपऱ्यात दडून बसतील, रंग उतरलेला दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पृष्ठभागावर तोंड काढून हापापत असतील तर एअर पंप वाढवा आणि लगेच अमोनिया तपासा. प्रवासाच्या ताणाने येणारे पांढरे ठिपके बहुधा काही दिवसांनी उगवतात, तेव्हा क्वारंटाइन दोन ते चार आठवडे चालू ठेवा.

पूर्ण टाकी हलवत असाल तर

घर बदलताना माशांइतकाच जपायचा असतो तो फिल्टरमधला स्पंज. उपयोगी जीवाणू पाण्यात नगण्य असतात, ते राहतात स्पंजवर, सिरॅमिकच्या तुकड्यांवर आणि खडीवर. त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. बंद कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) पाण्यासकट तसाच नेला तर काही तासांत आतला ऑक्सिजन संपतो, जीवाणू मरू लागतात आणि पाणी कुजतं. स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळून, ओलसर ठेवून, हवा राहील अशा डब्यात भरा. नळाखाली धुऊ नका.

टाकी पाण्यासकट किंवा खडीसकट उचलू नका. तळाच्या काचेवर ताण येऊन जोड सुटतात, आणि ते कळतं नव्या घरात पाणी भरल्यावर. जुन्या घरातून मासे सगळ्यात शेवटी काढा. नव्या घरी सामान उतरवताना टाकीचा स्टँड आणि टाकी सगळ्यात आधी, मग खडी, पाणी, फिल्टर, हीटर आणि तापमान स्थिर झाल्यावर मासे. बाकी खोकी दुसऱ्या दिवशी उघडली तरी चालतात.